होमपेजवरचं बोलावणं

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नव्हते, असं म्हणायला हवं खरं तर... इथले अनुभव मी चहा पिता पिता वाचायचे आणि मनात म्हणायचे, "झोप कमी झाली असेल हिची." आता माझ्याबद्दल तुम्ही तसं म्हणालात तरी माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी कर्जतला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. राहायला कडावच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. घर स्लॅबचं, अलीकडेच बांधलेलं. पुढे ओटा, अंगणाला लोखंडी गेट, मागे आमची भाताची खाचरं. भुताखेतांना आवडावं असं त्या घरात काही नाही... फरशी ओली असली की पाय सटकतो, तेवढीच काय ती भीती. घरात तेव्हा माणसं तीन. मी, माझा नवरा संदीप — खालापूरच्या बाजूला एका कंपनीत सुपरवायझर आहे — आणि सोनाआत्या, म्हणजे संदीपच्या वडिलांची बहीण. शिवाय गेटमध्ये आडवा पसरलेला टायगर. नाव टायगर, पण मांजर आलं तरी उठायचा कंटाळा.

सोनाआत्या आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे लग्नात भटजींच्या आधी धवलारणीचा मान. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ती म्हणते, त्याला धवला म्हणतात. आमच्या घराण्यात त्यातही एक रीत आहे. हळदीच्या दिवशी धवलारीण घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावते. त्यांच्यासाठी पान वाढतात. आणि लग्न उरकलं की एकेकाचं नाव घेऊन त्यांना परत पाठवते. आधी बोलावणं, मग पाठवणी.

गेल्या मे महिन्यात माझ्या दिराचं, नितीनचं लग्न झालं. आत्याच्या पदराला कॉलर माइक लावून मी सगळे धवले मोबाईलवर शूट केले. बोलावण्यात चार नावं होती. आजेसासरे, आजेसासूबाई, सासरे आणि शेवटी सासूबाई. "बा, ये रं, हळद लागली... आये, ये गं, हळद लागली..." असं करत आत्या शेवटच्या नावाला आली, "पारू वयनी, ये गं, हळद लागली," आणि तिचा आवाज भरून आला. सासूबाई आणि ती जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. मग एक क्षण सगळं शांत, आणि धाडकन ढोल सुरू! शूट करताना माझ्याही अंगावर काटा आला होता. संदीप तर ढसाढसा रडला. आईचा तो फार लाडका.

आता वेबसाईटकडे येते. क्लासमध्ये मुलांना वेब डिझाइन शिकवता शिकवता मला स्वतःची एक साईट करायची खाज होती. पैशासाठी नाही, हौस म्हणून. नाव ठेवलं 'ओटा'. त्यात जत्रेचे व्हिडिओ, भजनी मंडळाचे ऑडिओ, पोरांसाठी कोड्यांचा एक गेम, माथेरानच्या माकडांनी पर्यटकांचे वेफर्स कसे पळवले त्याच्या क्लिपा... मनोरंजनाचं आपलं गावठी दुकान. सुट्टीचे सगळे दिवस मी त्यात घातले. संदीप म्हणायचा, "सवत परवडली, पण ही वेबसाईट नको."

होमपेजला काहीतरी जबरदस्त पाहिजे होतं. मी आत्याचं बोलावणं घेतलं. पहिल्या नावापासून ढोलापर्यंतचा तुकडा कापला आणि साईट उघडली की आपोआप सुरू होऊन पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावला. पाठवणीचा भाग लांबलचक होता. आत्या दमलेली, मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी खुर्च्या मोजतंय. तो मी टाकून दिला. आणि मोबाईल भरला म्हणून मूळ शूटिंगही डिलीट केलं. मुलांना रोज ओरडून सांगते, बॅकअप ठेवा, बॅकअप ठेवा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

दिवाळीनंतर साईट चालू केली. हॉलमधल्या टीव्हीवर ती दिवसभर उघडी ठेवायचे. कुठे अडकते का बघायला, आणि खरं सांगू, आल्यागेल्याला दाखवायला. आत्या आधी लाजली, मग हरखून गेली. कान जरा मंद झाले होते तिचे, त्यामुळे टीव्हीच्या अगदी जवळ बसून बघायची. "मी एवढी काळी दिसते व्हय गं?" म्हणायची आणि सुपात तांदूळ घेऊन मागच्या पडवीत निघून जायची. सीरियलसारखं पुढचं नंतर लागत असेल, असं तिला वाटत होतं. मला तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सुरुवात मिठापासून झाली.

जेवताना संदीप म्हणाला, "आज मीठ विसरलीस." मी चाखून बघितलं, खरंच आमटी पाणचट. वरून मीठ घातलं, आणखी घातलं... काही फरक नाही. भाताला चव नाही, सुकटीच्या चटणीलाही नाही! मीठ बदललं, मसाला बदलला. मग लक्षात आलं ते विचित्रच. त्याच कढईतली भाजी मी डब्यात भरून क्लासला न्यायचे. कर्जतला डबा उघडला की भाजी खारट... कारण मी दुप्पट मीठ घातलेलं असायचं. आणि घरी उरलेल्या भाजीला चवच नसायची. एका भांड्यातली एकच भाजी! मी ते कुणाला बोलले नाही. काय बोलणार?

त्याच सुमारास आत्याचा आवाज बसला. बोलायची ती कुजबुजल्यासारखं, आणि गाणं म्हणायला गेली की नुसती हवा. कर्जतच्या घशाच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, सूज नाही, गाठ नाही, वयाने होतं.

मग एके दिवशी समोरच्या कमळाकाकू गेटपाशी आल्या. त्यांच्या ओट्यावरून आमचं अंगण समोर दिसतं.

"पाव्हणं गेलं का गं तुमचं?"

"कुठले पाहुणे, काकू?"

"अगं, दुपारी बसलेली की ओट्यावर. फेटंवाला म्हातारा, दोन बाया, आजून एक मानूस. मी हात केला तर कोन बघंना पन माझ्याकडं. सारी आपली तुझ्या दाराकडं तोंड करून बसलेली, जेवायला वाढायची वाट बघावी तशी."

मी हसून सांगितलं, टीव्हीतलं काचेत दिसलं असेल. काकू गेल्या. घरात टीव्हीवर आत्या बोलावत होती, "बा, ये रं..." आणि मी तशीच दारात उभी राहिले. आत जायची हिंमत होईना. शेवटी टायगरला हाक मारली, म्हटलं त्याच्यासोबत जाऊ. तो गेटमधून हललाच नाही. ओट्याकडे बघून शेपूट मात्र हलवत होता.

त्या आठवड्यात संदीप आजारी पडला. ताप नाही, खोकला नाही, नुसता गळून गेला. जेवणाला चव नाही म्हणून जेवायचा नाही. रक्त तपासलं, फोटो काढले, सलाइन लावून झालं... सगळं नॉर्मल. कंपनीत रजा टाकली आणि आतल्या खोलीत दाराकडे तोंड करून पडून राहायला लागला. मी म्हटलं, चल, माझ्या माहेरी कळंबला जाऊ, हवापालट होईल. तो माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "घरी पाहुणे असताना असं कसं निघायचं?"

मी म्हटलं, कोण पाहुणे? तर म्हणाला, "आई सकाळपासून बसलीय. निघू या म्हणते."

मी उठून हॉलमध्ये आले. टीव्ही बंद करायला रिमोट उचलला. वाजत होतं सासूबाईंचं नाव. "पारू वयनी, ये गं, हळद लागली." त्यानंतर ती शांत जागा, आणि मग ढोल. एडिट करताना मी तो तुकडा इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. पण ढोल वाजला नाही. त्या शांत जागेत आत्याचा आवाज आला,

"संदीप, ये रं, हळद लागली."

मग ढोल.

मी लॅपटॉप उघडला. हेडफोन लावून साईटवर चढवलेल्या तुकड्याची फाइल ऐकली. त्या जागी आवाजाची रेघ सपाट आहे, काहीही नाही. मोबाईलवर साईट उघडून ऐकलं, काहीही नाही. टीव्हीवर पुन्हा ऐकलं... होतं. मेलेल्यांच्या नावांमागे माझ्या नवऱ्याचं नाव! मी त्याच मिनिटाला साईट डिलीट केली, सगळी, कित्येक महिन्यांची मेहनत, आणि टीव्हीची वायर भिंतीतून उपटली. रडत होते, हे सांगायला लाज वाटत नाही.

आत्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि मीठ, काकू, संदीप, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग कुजबुजली, "आन् पाठवनी? ती कदी लागते टीव्हीत?"

"नाही लागत, आत्या. ती मी कापली."

सूप तिच्या हातातून खाली ठेवलं गेलं. 

"येवढं दिस... मी नुसती बोलावतेच हाय?"

आणि तेवढ्यात आम्ही दोघींनी ऐकलं. टीव्ही बंद, वायर जमिनीवर, भरदुपारचं ऊन, खाचरातलं भात कापून नेलेलं. त्या मोकळ्या खाचरांकडून आत्याचा आवाज येत होता. भरलेला, खणखणीत, लग्नातला. "बा, ये रं..." आणि आत्या माझ्यासमोर तोंड मिटून बसली होती! तिने माझं मनगट धरलं.  नावं एकेक होत गेली, आणि शेवटच्या, संदीपच्या नावाला आतल्या खोलीतून पलंग कुरकुरला. संदीप उठून बसला होता.

"आलो गं आई," तो म्हणाला.

मी धावत जाऊन त्याला मिठीच मारली. धरून ठेवलं. तो हलका लागत होता, ते मला अजून आठवतं.

आत्याने मला मग जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "बोलावल्याबिगार ती येत न्हाईत आन् पाठवल्याबिगार जात न्हाईत. रोज बोलावनं हाय, पन पान नाय, पाठवनी नाय. मग ती घरातल्या अन्नातलं सत खातात. आन् कटाळून निगाली, का आवडत्या मानसाला संगती नेतात." मी म्हटलं, मग म्हणा ना पाठवणी, आत्ताच्या आत्ता! तिने तोंड उघडून दाखवलं. नुसती हवा. तिचा आवाज तर तिकडे खाचरात होता.

लग्नाच्या फोटोग्राफरला फोन केला. त्याने पाठवणीच्या दृश्यावर सिनेमातलं गाणं टाकलं होतं, मूळ आवाज ठेवलाच नव्हता. तालुक्यात दुसरी धवलारीण आहे, पण प्रत्येक घराण्याची पाठवणी वेगळी असते, आमची आत्याशिवाय कुणालाच येत नव्हती.

"तू म्हनायचं," आत्या म्हणाली.

"मी? आत्या, मला आरतीसुद्धा सुरात येत नाही!"

"कापायला किती येळा आयकलंस?"

खरं होतं. कुठून कापायचं हे ठरवायला मी पाठवणी पुष्कळ वेळा ऐकली होती. अर्धी पाठ होती. उरलेली आत्या ओठांनी सांगणार होती. मी एकच विचारलं, संदीपचं काय? त्यालाही बोलावलं गेलंय. आत्याने मान हलवली. "त्याचं नाव घेऊ नगंस. घेतलंस तर तो बी उठंल." मग त्याची पाठवणी? "ते मी बघते," म्हणाली आणि मागच्या दारी आंब्याचे टाळे तोडायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चार बांबू रोवून मांडव घातला. केळीच्या पानांवर वरण, भात, भाजी वाढली. संदीपला ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं. त्याच्याच्याने मानही धरवत नव्हती. कमळाकाकू त्यांच्या दारातून बघत होत्या. आत्या माझ्यासमोर बसली, मांडीवर हाताने ठेका धरला, आणि मी आजेसासऱ्यांपासून सुरुवात केली. आवाज माझा फाटका, शब्द अडखळत. "पोट भरलं, पान उठलं... धर्मा बा, आता तुमच्या वाटंनं सुखानं जा रं..." आणि हळदीचे तांदूळ गेटच्या दिशेने टाकले.

गेटमध्ये पसरलेला टायगर उठला. बाजूला झाला. कुणाला तरी जायला वाट द्यावी तेवढा वेळ थांबला आणि परत जागेवर येऊन बसला.

मी ओळ चुकले. आत्याने ठेका सोडला नाही. आजेसासूबाईंचं नाव घेतलं, टायगर उठला, बाजूला झाला, परत बसला. सासऱ्यांचं घेतलं... तसंच. मग सासूबाई. "पारू वयनी" हे आत्याचं म्हणणं, मी "आई" म्हटलं. म्हटलं, आई, पोट भरलं, पान उठलं, तुमचा मुलगा मला ठेवा... हे शेवटचं पाठवणीत नाही, ते माझं माझंच आलं तोंडून. टायगर उठला, बाजूला झाला.

परत बसला नाही.

उभाच राहिला, कुणाची तरी वाट बघत. ओट्यावर संदीप भिंतीचा आधार सोडून उठायला लागला. इतके दिवस ज्याला पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता, तो कुणी हात दिल्यासारखा सरळ उठत होता. "आलो," म्हणाला. आत्या माझ्यासमोरून उठली, ओट्यावर गेली, त्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग गेटकडे तोंड करून तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आवाज नव्हता, पण ओठ मला स्पष्ट दिसले.

"मी येते, वयनी. पोराला ऱ्हाऊ दे."

मी तिचं नाव घेतलेलं नाही. शपथेवर सांगते, मी घेतलं नाही. टायगरने थोडा वेळ ओट्याकडे बघितलं आणि गेटमध्ये येऊन आडवा पसरला.

त्या दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. संदीपने आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ किती घातलंयस? बाप रे!" मी ताटावरच रडायला लागले. आणि आत्या हसली. खळखळून, आवाज फुटून हसली! "घाल बये आजून भात," म्हणाली, "लई दिसांनी चव लागली." मी तिला विचारलं, तुम्ही गेटकडे बघून काय म्हणालात? तर म्हणे, "जेव गप."

त्याच आठवड्यात ती गेली. पडवीत, भर दुपारी, मांडीवर सूप तसंच. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं. संदीप आता ठणठणीत आहे, कंपनीत जातो, मिठाबद्दल कुरकुर करतो. त्याला त्या दिवसांतलं काहीच आठवत नाही. आत्याने काय केलं, ते मी त्याला सांगितलेलं नाही. सांगून तो कसा जगेल?

एकेकटी गोष्ट घेतली तर प्रत्येकीचं उत्तर मीच देऊ शकते. चव आजारात जाते. आवाज बसतो, परत येतो. काकूंची नजर अधू आहे. कुत्रं काय, कधीही उठतं. म्हातारी माणसं जातात. पण सगळं एकत्र ठेवलं की माझं शिक्षण गप्प बसतं. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

येत्या उन्हाळ्यात चुलत नणंदेचं लग्न आहे. बायका घरी येऊन सांगून गेल्या, घराण्याची पाठवणी आता तुलाच येते, धवलारीण तूच. नाही म्हणता आलं नाही. मोबाईल त्या दिवशी घरीच ठेवून जाणार आहे. बोलावण्यात आता एक नाव वाढलंय, सगळ्यात शेवटी. ते मी अजून मोठ्याने म्हणून बघितलेलं नाही, कारण म्हटलं की ती येणार, याची मला खात्री आहे. तिला "ये गं" म्हणताना मी घाबरणार नाही. नंतर तिलाच "जा" म्हणायचंय... आणि ते माझ्या तोंडून निघालं नाही तर काय होतं, हे मला आता चांगलं ठाऊक आहे.